सुरतेचा मांडव आणि सहावी प्रतिज्ञा



काही वर्षांपूर्वी आपल्या शाळेत व्यक्तिमत्त्व विकासाचे एक शिबिर झाले होते. बाहेरून आलेले पाहुणे दोन तास छान बोलले आणि जाताना एक मोठा रंगीत तक्ता भेट देऊन गेले. त्यावर दहा नियम होते. नेहमी हसतमुख राहा, दुसऱ्याचे आधी ऐकून घ्या, चूक झाली तर कबूल करा, असे. तक्ता नववीच्या वर्गात लावला. तीन आठवड्यांत त्याच तक्त्याखाली दोन मुलांची स्नेहसंमेलनाच्या नाटकातील भूमिकेवरून जुंपली. एकाने दुसऱ्याची वही फाडली. मी पोहोचले तेव्हा दोघेही "एणे पहेलां चालू कर्युं" असे ओरडत होते. (आपली मुले भांडतात गुजरातीत आणि रुसतात मराठीत, हे मी इतक्या वर्षांत अनेकदा पाहिले आहे.)

दुसऱ्या दिवशी एका मुलीने तक्त्याकडे बोट दाखवून विचारले, "बाई, असं खरंच कुणी वागलंय का? की हे नुसतं लिहायचं असतं?"

त्या दिवशी मी काहीतरी ठरीव उत्तर दिले. ते तिला पटले नाही आणि खरे सांगायचे तर मलाही पटले नाही. हा लेख म्हणजे तिच्या प्रश्नाला उशिरा दिलेले उत्तर आहे. ते शोधायला फार लांब जावे लागले नाही. आपल्याच गावात, तापीच्या काठी, ते सापडले.

२७ डिसेंबर १९०७

त्या वर्षी राष्ट्रीय सभेचे, म्हणजे काँग्रेसचे अधिवेशन खरे तर नागपूरला व्हायचे होते. तिथे लोकमान्य टिळकांच्या बाजूचा जोर फार होता, म्हणून मवाळ पुढाऱ्यांनी ते सुरतेला हलवले. जहालांचा राग तिथूनच सुरू झाला. त्यांना अध्यक्ष म्हणून लाला लजपतराय हवे होते, मवाळांनी डॉ. रासबिहारी घोष यांना निवडले. शिवाय १९०६ मध्ये कलकत्त्याला स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण हे चार ठराव झाले होते, ते सुरतेत सौम्य केले जाणार अशी जहालांना धास्ती होती. या सगळ्या वादात मवाळांच्या बाजूचे एक प्रमुख नाव होते नामदार गोपाळ कृष्ण गोखले.

फ्रेंच गार्डनमध्ये मोठा मांडव घातला होता. देशभरातून दीड हजारांहून अधिक प्रतिनिधी आले होते आणि प्रेक्षक त्याहून कितीतरी अधिक. २६ तारखेला सुरेंद्रनाथ बॅनर्जी अध्यक्षांच्या नावाच्या ठरावाला अनुमोदन द्यायला उभे राहिले आणि असा गोंगाट झाला की सभा तहकूब करावी लागली. २७ तारखेला पुन्हा जमले. टिळकांनी स्वागताध्यक्षांकडे आधी चिठ्ठी पाठवून बोलण्याची परवानगी मागितली होती. उत्तर आले नाही. तेव्हा ते सरळ व्यासपीठावर चढले. "आपण नियमाबाहेर आहात" असे त्यांना सांगण्यात आले. ते हलले नाहीत. हाताची घडी घालून समोरच्या गर्दीकडे तोंड करून ते उभे राहिले.

मग एक जोडा हवेतून आला. दख्खनी जोडा, लाल चामड्याचा, टोकदार. तो सुरेंद्रनाथांच्या गालाला लागून सर फिरोजशहा मेहतांवर जाऊन पडला. तो कुणावर फेकला होता यावर पुढे पुष्कळ वाद झाला. त्यात आपण पडू नये. खुर्च्या उडाल्या, काठ्या निघाल्या, शेवटी पोलिसांनी मांडव रिकामा केला. शाळेच्या पुस्तकात "सुरतेची फूट" म्हणून एका ओळीत आपण जे शिकतो ते हे.

पण त्या गोंधळात एक गोष्ट घडली, ती पुस्तकातल्या ओळीत मावत नाही. हेन्री नेव्हिन्सन नावाचा एक इंग्रज पत्रकार व्यासपीठाजवळ होता. पुढच्याच वर्षी, १९०८ मध्ये, त्याने हिंदुस्थानच्या प्रवासावर पुस्तक लिहिले, त्यात हा प्रसंग त्याने नोंदवून ठेवला आहे. संतापलेले तरुण मवाळ टिळकांवर धावून जाण्याच्या बेतात होते. त्या क्षणी टिळकांच्या बाजूला येऊन, दोन्ही हात पसरून, त्यांना आड झाले ते गोखले.

वयाने टिळक एक्कावन्न वर्षांचे, गोखले एक्केचाळीस. ज्यांच्यामुळे आज सभा मोडली असे गोखल्यांचे मत होते, त्याच माणसाच्या अंगावर कुणी हात टाकू नये म्हणून हे किरकोळ प्रकृतीचे गृहस्थ हात पसरून उभे होते. टिळकांनी मदत मागितली नव्हती. गोखल्यांनीही विचार करून, हिशेब मांडून हे केले असेल असे वाटत नाही. तेवढा वेळच नव्हता. अंगवळणी पडलेली गोष्टच अशा वेळी हातून घडते.

अंगवळणी कशी पडली?

या दोघांचे नाते पूर्वी फार जवळचे होते. टिळक, आगरकर आणि त्यांचे सहकारी यांनी १८८४ मध्ये डेक्कन एज्युकेशन सोसायटी काढली. गोखले तिथे तरुण शिक्षक म्हणून आले आणि आजीव सदस्य झाले. आजीव सदस्य म्हणजे वीस वर्षे दरमहा ७५ रुपयांवर शिकवायचे. आतल्या मतभेदांतून टिळक १८९० मध्ये संस्था सोडून गेले. पुढे सामाजिक सुधारणांवरून, सार्वजनिक सभेवरून, सगळ्यावरूनच दोघे समोरासमोर आले. १८९५ मध्ये सार्वजनिक सभा टिळकांच्या पक्षाकडे गेली तेव्हा न्यायमूर्ती रानडे आणि गोखले यांनी पुढच्या वर्षी डेक्कन सभा ही वेगळी संस्था काढली. 'केसरी'तून गोखल्यांवर जे बाण सुटत ते बोथट नव्हते. आणि गोखले जात्या हळवे होते, टीका त्यांच्या मनाला लागत असे. म्हणजे राग धरायला कारणे भरपूर होती.

१९०५ च्या जून महिन्यात, १२ तारखेला, गोखल्यांनी पुण्यात 'सर्व्हंट्स ऑफ इंडिया सोसायटी', म्हणजे भारत सेवक समाज स्थापन केला. देशासाठी पूर्ण वेळ काम करणारी माणसे तयार करायची, असा हेतू होता. आत येणाऱ्या प्रत्येकाला सात प्रतिज्ञा घ्याव्या लागत. मनात देशाला पहिले स्थान देईन. देशसेवा करताना स्वतःचा फायदा पाहणार नाही. सर्व भारतीयांना भाऊ मानीन, जात किंवा धर्म पाहणार नाही. समाजाकडून माझ्या व कुटुंबाच्या निर्वाहासाठी जे मिळेल त्यात समाधान मानीन, पैसा कमावण्यात शक्ती घालवणार नाही. खासगी आयुष्य शुद्ध ठेवीन. कुणाशीही वैयक्तिक भांडण करणार नाही. आणि समाजाचे ध्येय सतत डोळ्यांपुढे ठेवीन.

यातली सहावी पुन्हा वाचा. देशभक्ती, त्याग, शुद्ध आचरण यांच्या रांगेत "वैयक्तिक भांडण करणार नाही" ही साधी, घरगुती वाटणारी गोष्ट गोखल्यांनी का घातली असेल? मला वाटते, सोसायटीत आणि सार्वजनिक सभेत त्यांनी जे पाहिले आणि सोसले, त्यातून ती आली. चांगली माणसे एकत्र येऊन चांगली संस्था काढतात आणि ती बाहेरच्या शत्रूमुळे नव्हे, आतल्या रुसव्याफुगव्यांनी खिळखिळी होते, हे त्यांनी जवळून पाहिले होते. विश्वस्त मंडळींना याचा अर्थ अधिक फोड करून सांगायला नको.

प्रतिज्ञा जून १९०५ मधली आणि सुरतेचा मांडव डिसेंबर १९०७ मधला. मध्ये जेमतेम अडीच वर्षे. म्हणून त्या मुलीला मी आज सांगेन, की हो, असे एकजण खरेच वागला आणि तेही आपल्या गावात.

आधीची तयारी

पण एक प्रतिज्ञा लिहिली आणि माणूस तसा झाला, असे होत नाही. त्याआधी बरेच काही घडलेले असते.

गोखले रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूकचे, जन्म १८६६ चा. वडील १८७९ मध्ये गेले. थोरला भाऊ गोविंद शिक्षण सोडून पंधरा रुपयांच्या नोकरीला लागला आणि त्यातले आठ रुपये दरमहा धाकट्याला शिकायला पाठवू लागला. हिशेब करून पाहा. अर्ध्याहून अधिक पगार भावासाठी. आपल्यासाठी दुसऱ्या कुणी पोटाला चिमटा घेतला आहे, ही जाणीव ज्याला लहानपणी होते, त्याला ७५ रुपयांवर वीस वर्षे काढणे फारसे अवघड वाटत नसावे.

दुसरा प्रसंग अधिक कठीण आहे. १८९७ मध्ये पुण्यात प्लेग होता. घरोघर तपासणी करणाऱ्या गोऱ्या शिपायांच्या वागण्याबद्दल लोकांत प्रचंड चीड होती. गोखले त्या वेळी वेल्बी आयोगापुढे साक्ष देण्यासाठी इंग्लंडमध्ये होते. पुण्याहून मित्रांची पत्रे आली, त्यात स्त्रियांवर अत्याचार झाल्याची हकीकत होती. गोखल्यांनी ती तिथल्या वर्तमानपत्राला सांगितली. मोठी खळबळ उडाली. इकडे जूनमध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या होत्या आणि वातावरण पार बदलले होते. गोखले परतले तेव्हा त्या हकीकतीला पुरावा देणारे कुणी पुढे येईना. पत्रे लिहिणाऱ्यांची नावे सांगून मोकळे होणे सोपे होते. त्यांनी नावे सांगितली नाहीत. जे सिद्ध करता येत नाही ते आपण बोललो, असे म्हणून त्यांनी जाहीर, बिनशर्त माफी मागितली.

लोकांनी त्यांना भित्रा म्हटले. पुण्यात तोंड दाखवणे कठीण झाले. त्या माफीबद्दल आजही दोन मते आहेत आणि मी स्वतः कुठल्या बाजूची हे वर्गात कधी सांगत नाही, कारण मुलांनी ते स्वतः ठरवावे. शिपायांनी अत्याचार केलेच नसतील असे मला वाटत नाही. पण एक गोष्ट सरळ दिसते. चुकीचे ओझे त्यांनी स्वतःच्या खांद्यावर घेतले आणि मित्रांना वाचवले. मग घरात तोंड लपवून बसले नाहीत, पुण्यात पुन्हा प्लेग आला तेव्हा मदतकार्यात उतरले.

"चूक झाली तर कबूल करा" हा आमच्या तक्त्यावरचा नियम. त्याची किंमत काय असते, ते तक्त्यावर लिहिलेले नव्हते.

मतभेद आणि भांडण

इथे पालकांसाठी थोडे थांबते, कारण सहाव्या प्रतिज्ञेचा अर्थ चुकीचा घेणे फार सोपे आहे. वैयक्तिक भांडण करायचे नाही म्हणजे गप्प बसायचे, सगळ्यांना हो म्हणायचे, असे नाही. गोखल्यांनी टिळकांना विरोध करणे एक दिवसही सोडले नाही. सुरतेनंतर दुसऱ्याच दिवशी मवाळांनी वेगळी परिषद भरवली, पुढे काँग्रेसचे नियम असे केले की टिळकांचा पक्ष बाहेर राहिला. गोखले त्यात सामील होते. टिळकांना १९०८ मध्ये सहा वर्षांची शिक्षा होऊन मंडालेला पाठवले गेले, तेही या फुटीनंतर सात महिन्यांत. एकजूट असती तर सरकारने इतके धाडस केले असते का, हा प्रश्न इतिहासकार विचारतात. म्हणजे मतभेदाची किंमत देशाने मोजली. ते झाकून ठेवू नये.

तरीही मतभेद आणि वैर यांत फरक उरतोच. मी मुलांना तो असा सांगते. मतभेदात आपण कामाबद्दल बोलतो, भांडणात माणसाबद्दल. "तू हिशेब चुकवलास" हा मतभेद. "तू आहेसच असा" हे भांडण. मतभेद विषय संपला की संपतो, भांडण जुन्या गोष्टी उकरून काढते, दिवाळीपासून उतराणपर्यंतच्या. आणि तिसरी खूण सुरतेच्या मांडवातली. समोरच्यावर संकट आले तर आपण कुठे उभे राहतो?

घरी हे करून पाहायला सोपे नाही. जेवताना मुलाच्या गुणपत्रिकेवर बोलणे सुरू होते आणि दोन वाक्यांत त्याच्या काकावर जाऊन थांबते. व्हॉट्सअ‍ॅपच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर तर एका वाक्यातच. मुले हे सगळे ऐकत असतात. तक्ता वाचण्यापेक्षा ती हे अधिक लक्ष देऊन ऐकतात.

सिंहगडावरून खाली

टिळक १९१४ च्या जूनमध्ये सुटून आले. दोन्ही पक्षांना पुन्हा एकत्र आणण्याची बोलणी सुरू झाली. गोखले सुरुवातीला अनुकूल होते. मग शंका आली. आपले म्हणणे त्यांनी भूपेंद्रनाथ बसू यांना पत्राने कळवले आणि त्या पत्रावरून वाद पेटला. टिळकांच्या मते त्यात त्यांच्याविषयी विपर्यास होता. १९१५ च्या सुरुवातीला 'केसरी'त पुन्हा तिखट लेख. गोखले तेव्हा मधुमेहाने आणि कामाने खंगलेले होते. १९ फेब्रुवारी १९१५ ला ते गेले, वय अवघे अठ्ठेचाळीस.

म्हणजे गोड शेवट झाला नाही. दोघे भेटले, मिठी मारली, असे काही नाही. तत्त्वाने वागणाऱ्या माणसाची सगळी नाती सुधारतातच, असे कुणी शिबिरात सांगितले तर ते पुरते खरे मानू नका.

टिळक तेव्हा सिंहगडावर होते. बातमी कळताच ते पुण्याला आले आणि स्मशानात जमलेल्या लोकांपुढे बोलले. ही टाळ्यांची वेळ नाही, अश्रूंची आहे, अशा अर्थाने त्यांनी सुरुवात केली. गोखल्यांना त्यांनी भारताचा हिरा म्हटले, महाराष्ट्राचे रत्न म्हटले, आणि तरुणांना त्यांच्याकडे पाहून तसे होण्याचा प्रयत्न करा असे सांगितले. महिनाभरापूर्वी ज्यांच्यावर लेख लिहिले त्यांच्याबद्दल हे बोलायला मन मोठे लागते. सुरतेच्या व्यासपीठावर हात पसरणाऱ्याची आठवण त्यांना त्या क्षणी झाली असेल का, कोण जाणे. पुढच्या वर्षी, १९१६ मध्ये, लखनौला दोन्ही पक्ष एकत्र आले.

हे वाचताना मला माझे वडील आठवतात. ते आणि त्यांचे एक स्नेही इथल्याच एका संस्थेच्या कार्यकारिणीत होते. एका बांधकामाच्या खर्चावरून दोघांचे वाजले. खर्चाचा प्रश्न वर्षभरात मिटला, पण बोलणे अकरा वर्षे बंद राहिले. चंदनी पडव्याला त्यांच्याकडून आमच्याकडे घारीचा डबा येत असे, तो बंद झाला. आम्हा मुलांना वाटे की घारीच त्या माणसांबरोबर गेली. ते काका वारले तेव्हा वडील अश्विनीकुमारला गेले आणि गर्दीच्या अगदी मागे उभे राहिले. घरी येऊन आंघोळ केली आणि दिवसभर काही बोलले नाहीत. संध्याकाळी आईला फक्त इतके म्हणाले, "बरोबर मीच होतो." आईने विचारले, "मग?" त्यावर त्यांच्याकडे उत्तर नव्हते.

पुढारी आधी कुठे असतो

नेतृत्व हा शब्द हल्ली वर्गप्रमुखापासून सगळ्यांच्या तोंडी आहे. गोखल्यांच्या समाजात नवा माणूस आला की त्याला लगेच व्यासपीठ मिळत नसे. पाच वर्षे उमेदवारी, अभ्यास आणि प्रवास. संस्थापकाने स्वतः त्याच सात प्रतिज्ञा आधी घेतल्या होत्या आणि तो स्वतःला 'पहिला सदस्य' म्हणवत असे. आपल्या गुजरातचे अमृतलाल ठक्कर मुंबई नगरपालिकेत इंजिनिअर होते. १९१४ मध्ये त्यांनी ती नोकरी सोडून या प्रतिज्ञा घेतल्या. पुढे दाहोदच्या भिल्लांसाठी त्यांनी भिल्ल सेवा मंडळ काढले आणि लोक त्यांना ठक्करबाप्पा म्हणू लागले.

सुरतेचे दुसरे उदाहरण तुमच्या आईवडिलांनी डोळ्यांनी पाहिलेले आहे. सप्टेंबर १९९४ मध्ये इथे प्लेग आला, लाखो लोक गाव सोडून गेले. नंतर १९९५ च्या मे महिन्यात एस. आर. राव महापालिका आयुक्त झाले. त्यांनी भाषणांऐवजी दिनक्रम बदलला. सकाळचे तास अधिकाऱ्यांनी कचेरीत नव्हे, रस्त्यावर घालवायचे आणि आयुक्तांनीही. 'एसी'तून 'डीसी'त, म्हणजे थंड खोलीतून रोजच्या कामात, अशी त्याची गंमत लोक करत. झोनच्या अधिकाऱ्यांना त्यांनी खरे अधिकार दिले, त्यामुळे प्रत्येक कागद वर जायची गरज राहिली नाही. बेकायदा बांधकामे पाडताना हातगाडीवाल्यापासून सुरुवात न करता बड्यांपासून केली. १९९६ च्या एका पाहणीत सुरत चंदीगडनंतर देशातील दुसऱ्या क्रमांकाचे स्वच्छ शहर ठरले. ज्या गावातून लोक पळाले होते ते हेच गाव.

एका मास्तरांची सात तत्त्वे

आता आपल्या सर्वांत जवळच्या माणसाकडे येते. शिक्षक, मराठी आणि सुरतेचा रहिवासी. दादोबा पांडुरंग तर्खडकर, ज्यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये आले, ते काही वर्षे सुरतेच्या सरकारी इंग्रजी शाळेत शिकवत होते. त्यांनी दुर्गाराम मेहताजी आणि इतर मित्रांबरोबर २२ जून १८४४ रोजी इथे मानवधर्म सभा स्थापन केली. दादोबांच्या 'धर्मविवेचन' या ग्रंथात सात तत्त्वे आहेत. ईश्वर एक, खऱ्या धर्माचा पाया प्रेम आणि नीती, आत्मिक धर्म सर्वांचा एकच, प्रत्येकाला विचाराचे स्वातंत्र्य, रोजचे बोलणे-वागणे विवेकाला धरून, सगळ्या माणसांची जात एकच, आणि सर्वांना ज्ञान. गोखल्यांच्या प्रतिज्ञांच्या साठ वर्षे आधी.

सुरतेची सभा उघड भरत असे. मंत्रतंत्र करणाऱ्यांना तिने जाहीर आव्हान दिले होते, की या आणि आमच्यासमोर करून दाखवा. पण १८४६ मध्ये दादोबा मुंबईला गेले, १८५२ मध्ये दुर्गाराम राजकोटला गेले आणि सभा थांबली. मुंबईत १८४९ मध्ये निघालेली परमहंस सभा मात्र गुप्त होती. सभासद एकत्र बसून जातीचे बंधन मोडून खात, पण दार लावून. १८६० च्या सुमारास सभासदांच्या नावांची यादी कुणीतरी पळवली, नावे बाहेर फुटणार म्हटल्यावर सभाच मोडली. त्या काळात जातीबाहेर पडणे म्हणजे काय याची आपल्याला कल्पना नाही, त्यामुळे त्या लोकांना हसू नये. त्यांच्यातल्याच काहींनी १८६७ मध्ये प्रार्थना समाज काढला, तो उघडपणे.

वर्गात मी हे सांगितले तेव्हा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे बाई, आपण नियम पाळतो हे कुणालातरी माहीत पाहिजे." मी त्यात एवढीच भर घातली, की सगळ्यांना माहीत असायची गरज नाही, एकाला पुरे.

वही

त्यातून वर्गात एक प्रयोग सुरू झाला. प्रत्येकाने दहा नव्हे, एकच नियम निवडायचा. तो इतका लहान की रात्री "पाळला की नाही" याचे उत्तर हो किंवा नाही असे देता यावे. 'चांगले वागेन' चालणार नाही. 'बहिणीचे बोलणे पुरे होईपर्यंत मध्ये बोलणार नाही' चालेल. वहीत रोज खूण करायची आणि ती वही वर्गातल्या एकाच मित्राला दाखवायची, बाईंनाही नाही.

सगळ्यांना जमले नाही. बऱ्याच वह्या दोन आठवड्यांत थांबल्या. काहींनी एकदम महिन्याच्या खुणा करून टाकल्या, हे मला मुलांनीच सांगितले. प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलीने महिना संपल्यावर आपली वही आपणहून माझ्यापुढे ठेवली. तिचा नियम होता, "भांडण झालं तरी दुसऱ्या दिवशी डबा एकत्रच खायचा." एकोणीस खुणा होत्या. बाकीच्या दिवसांपुढे "जमलं नाही" असे स्वच्छ लिहिले होते आणि एका ठिकाणी कारणही, "तिने माफी मागितली नाही म्हणून." ते कारण नंतर तिनेच खोडले होते.

वही फाडणाऱ्या मुलाने फाटलेली पाने स्वतःच्या हाताने पुन्हा लिहून दिली. दोघे मित्र झाले का, ते मला ठाऊक नाही. नाटकात मात्र दोघेही होते, एक राजा आणि एक प्रधान, आणि प्रधानाने राजाचा मुकुट दोनदा सावरला.

ज्या पालकांना घरी अशी वही सुरू करायची असेल त्यांनी शनिवारी शेवटच्या तासानंतर ग्रंथालयात यावे. कोऱ्या वह्या डाव्या कपाटात खालच्या फळीवर ठेवल्या आहेत.